रिग्रेट आणि अपॉलजी यांतला फरक

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
काल अनुयाचा साखरपुडा झकास झाला. प्रतिभाची मुलगी, माझी एकुलती एक भाची. मुलगा अभिजीत, चामटोलीचा. चांगला आहे.
एक किरकोळ प्रसंग घडला. मुलाचे वडील हरिचंद्रशेठ माइक घेऊन इंग्लिशमध्ये बोलले. टुडे इज व्हेरी फनी डे फॉर अवर फॅमिली. 'फन' आणि 'फनी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोनशे माणसं चुकीचं शिकून घरी गेली असती. मी माइक घेतला आणि फरक समजावून सांगितला. उदाहरणांसहित, बारा मिनिटं. लोक पोट धरून हसले. हरिचंद्रशेठ नाही हसले. ते चपला शोधत होते.
विठ्ठलवाडीला परत येताना मीना रिक्षात बाहेर तोंड करून बसली. दमली असावी.

१४ जानेवारी, संक्रांत
प्रतिभाचा फोन. गोड बोलायचा दिवस, तर सरळ विषयालाच हात घातला. म्हणाली, दादा, ती माणसं काही बोलली नाहीत, पण वाईट वाटलंय त्यांना. तू एकदा चामटोलीला जा. सॉरी बोल, चहा पी, ये. नाहीतर लग्नात मामा म्हणून तुला अनुयाच्या मागे कोणत्या तोंडाने उभा करू?
हसू आलं. थोरला मामा मी आहे. धाकटा धर्मेश आहे, पण तो उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. शिवाय अनुया चार वर्षांची असल्यापासून ठरलंय की मंडपात तिला मीच आणणार. तिनेच ठरवलंय. तेव्हा एका लग्नात माझ्या खांद्यावर बसून तिने सगळ्यांना तसं सांगितलं होतं.
तरी जाईन. बहिणीचा शब्द आहे. रविवारी नक्की. फक्त 'सॉरी' फारच स्वस्त झालंय. शिकल्या माणसाने लेखी द्यावं.

१८ जानेवारी, रविवार
गेलो नाही. पत्र झालं नाही.
मुद्दा असा की 'रिग्रेट' लिहायचं की 'अपॉलजाइज'? बावीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत डिस्पॅचची पत्रं लिहितोय. वी रिग्रेट द डिले. म्हणजे जे झालं ते वाईट झालं, पण कोणी केलं ते विचारू नका. 'अपॉलजाइज' म्हणजे मीच केलं. पाऊस पडला तर रिग्रेट करता येतं, अपॉलजाइज करता येत नाही. आता मी काय केलं? चूक सुधारली. म्हणजे रिग्रेट.
मीना म्हणाली, अहो, आपल्यात कधी कोणी माफीचं पत्र दिलंय का? ज्याचं मन दुखावलं त्याच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं, चहा आला की मिटलं. माझे बाबा आणि चुलते दर दिवाळीला भांडायचे, दर दिवाळीला असेच मिटायचे.
प्रथा चांगली आहे. पण रेकॉर्ड राहत नाही.

२६ जानेवारी, सोमवार
कंपनीत झेंडावंदन. अभिजीतचा फोन आला. मामा, पप्पा बोलतात, चाय प्यायला या ना एकदा. म्हटलं, येणारच, पत्र चालू आहे. त्याने विचारलं, कसलं पत्र? तरुण पिढीला पत्रव्यवहार माहीतच नाही.
मसुदा क्र. ४ फाडला.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी
गेलो! बदलापूर स्टेशनवरून चामटोलीची रिक्षा केली. पत्र फाइलमध्ये. गाव आल्यावर शेवटचं म्हणून वाचलं. आय रिग्रेट एनी इनकन्व्हिनियन्स. 'एनी'? म्हणजे त्रास झाला असेल तर. म्हणजे झालाच नाही असं वाटतं. 'द' हवं होतं. रिक्षा थांबवली. पेन काढलं. पण खाडाखोड केलेलं पत्र कसं द्यायचं?
समोर त्यांचं घर. हरिचंद्रशेठ ओट्यावरच बसलेले. त्यांनी मला ओळखलं, उभे राहिले, हात वर केला. मीही हात वर केला आणि रिक्षा वळवायला सांगितली. रिक्षावाला म्हणाला, उतरना नहीं था तो आया किसलिए?
सगळ्यांना सगळं समजावत बसायचं नसतं. एकंदरीत प्रगती आहे. प्रत्यक्ष भेट झालीच म्हणायची.

२ फेब्रुवारी
आज दिवसभर चैन नाही. डिस्पॅचचे दोन ट्रक एकमेकांच्या पत्त्यांवर पाठवले. एक परत आला.

८ फेब्रुवारी, रविवार
उल्हासनगरला जाऊन ब्लेझर आणला. मरून. फोटोत मामा उठून दिसला पाहिजे.
तिथेच एका सिंधी काकांच्या दुकानात बाँड पेपरवर मसुदा क्र. ९ टाइप करून घेतला. काकांनी वाचून विचारलं, साईं, किसपे केस किया है? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अरे, तो जाके हाथ जोड़ लो ना, कागज़ कायको? मग त्यांना रिग्रेट आणि अपॉलजाइजमधला फरक सांगितला. मागे झेरॉक्सवाल्यांची रांग लागली होती, त्यांचाही फायदा झाला. दोघं निघून गेले.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
आज जाणारच होतो. पण अंबरनाथला शिवमंदिराची जत्रा, रस्ते बंद. मीना म्हणाली, अहो, बदलापूरची ट्रेन काय देवळातून जाते? हा टोमणा होता.
पुढे म्हणाली की मागच्या रविवारी धर्मेश चामटोलीला जाऊन आला. विचारलं, कशाला? म्हणे चहा प्यायला. चहासाठी कोणी एवढं लांब जातं? त्याला वेळेची किंमत नाही.
प्रतिभाचा आठवडाभर फोन नाही. म्हणजे तिकडे प्रकरण शांत झालेलं दिसतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
अभिजीत पत्रिका घेऊन घरी आला. बोलता बोलता म्हणाला, पप्पांनी साखरपुड्याची ती दोन वाक्यं पाच दिवस पाठ केली होती. शेतावर पण म्हणत फिरायचे. सुनेला इंग्लिश येतं ना, तिला बरं वाटावं म्हणून.
तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही. पाच दिवस. मी बारा मिनिटांत वाट लावली. माणूस चपला शोधत होता आणि मी उदाहरणं देत होतो.
अंतिम निर्णय: अपॉलजाइज. मसुदा क्र. १४. एकच वाक्य, सही, तारीख.
उद्या सकाळी जाऊन देता येईल. पण लग्नाच्या हॉलमध्ये, चार लोकांसमोर दिलं तर जास्त शोभेल. परवा हळद, तेरवा लग्न. दोन दिवसांनी काय फरक पडतो?

२१ फेब्रुवारी, शनिवार
प्रतिभाकडे हळद. ढोलाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. प्रतिभा दोनदा जवळ आली. दादा, उद्याचं जरा बोलायचं होतं, म्हणाली. म्हटलं, काही काळजी करू नकोस, पत्र खिशात आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. अनुयाने माझ्या दोन्ही गालांना हळद लावली. जरा जास्तच वेळ लावली.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी
बदलापूरचा हॉल. दारातच हरिचंद्रशेठ. पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. म्हणाले, मामा, तुमीच सांगा काय लिवलंय तं.
मी पत्र हातात घेतलं. चौदा मसुदे पाठ होते, पण पत्राची परत घडी घातली. शेवटी म्हणालो, चुकलं माझं.
ते म्हणाले, कनाचा? सांगितलं, माइकचं. ते हसले. म्हणाले, त्या दिवशी लागला मनाला. पन दोन दिसांत इसरलो. तुमी दारापर्यंत येऊन मागारी गेलात ना, त्याचा वाईट वाटला. मी आत चाय ठेवाला सांगितली होती.
त्यांनी माझा हात धरला, जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणाले आणि पाहुण्यांकडे गेले. राग नव्हताच. त्याचं जास्त वाईट वाटलं.
मग गुरुजींचा आवाज आला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी ब्लेझरचं बटण लावलं. दोन पावलं टाकली.
जिन्यावरून अनुया उतरत होती. मागे धर्मेश, फेटा बांधून, तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून. घामाने निथळत होता, पण सरळ चालत होता. माझ्याजवळून जाताना म्हणाला, दादा, ताईने सांगितलं, मी काय करू. अनुयाने एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते तिचे. माझेही. मग ती पुढे गेली.
माझ्याच भाचीचं लग्न मी तिसऱ्या रांगेतून पाहिलं. मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकल्या, सगळ्या ताकदीने टाकल्या. तिच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाच्या टकलावर पडल्या. त्याने मागे वळून पाहिलं.
मी लगेच म्हणालो, सॉरी.