हरित केंद्रासाठी पाडलेली झाडं

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू मीटिंगचं निमित्त करून सुटतोस, म्हणून पत्र. तुझ्या महापालिकेच्या खात्याने आमच्या बागेत काय दिवे लावलेत ते ऐक. फाटकावर हरित शहराची पाटी लागली आहे. तिच्याभोवती पानांची वेल आहे, प्लास्टिकची. खरी पानं तुमचे लोक रोज झाडून पिशव्यांत कोंबतात आणि ट्रकने शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर नेऊन टाकतात. मग त्याच बागेसाठी खत विकत येतं, तेही पिशव्यांतून. एवढी अक्कल कुठे शिकवतात रे?

आम्ही बायका बागेच्या कोपऱ्यात विटांचा हौद बांधून पानं आणि आसपासच्या घरांतला ओला कचरा कुजवतो, हे तुला माहीत आहे. कचऱ्याची गाडी आता एक दिवसाआड आली तरी आमचं अडत नाही. खालच्या मजल्यावरचे बँकवाले तेवढे नाक दाबून फिरतात. त्यांना वास येतो म्हणे. त्या माणसाला स्वतःच्या गाडीखेरीज कशाचंच कौतुक नाही.

आता ऐकते की इथली झाडं पाडून कचरामुक्तीचं माहिती केंद्र बांधणार. कचरा कसा कमी करावा हे पडद्यावर दाखवायला, तो खरोखर कमी होतोय तीच जागा उखडायची! खरं आहे का? तू तिथे साहेब आहेस. सरळ उत्तर दे.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचताना वर्गात बाकावर उभा असल्यासारखं वाटलं. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्या हातची छडी काही सुटत नाही.

केंद्राचं अजून ठरलेलं नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरताहेत. पण राग मानू नकोस, तुझा हौद म्हणजे हौशी बायकांचा खेळ आहे. एवढ्या मोठ्या शहराचा कचरा चार घमेल्यांनी हटत नसतो. त्याला यंत्रणा लागते. स्वच्छ शहरांच्या स्पर्धेची समिती पाहणीला येते आहे; तिला काय माश्या दाखवायच्या?

ते असो. तुझ्या डोळ्याचं मात्र आता पुरे झालं. तुझ्या पत्रात ओळीवर ओळ चढली आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चांगल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो. तुझ्या भावजयीने खोली लावून ठेवली आहे. डॉक्टर जा म्हणतील तेव्हाच परत जायचं.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

११ मार्च

चि. साहेबांस,
आशीर्वाद द्यायला आज हात वर जात नाही.

घरी पोचले. नव्या डोळ्याने बागेत पहिलं काय पाहिलं, तर पाच मोठ्या झाडांचे नुसते बुंधे. माझी जुनी नजर बरी होती म्हणायची.

तुझ्या घरी मला पेपर मिळत नव्हता, डोळ्याला ताण नको म्हणून. फोन तुझ्या बायकोकडे, मला विश्रांती हवी म्हणून. आणि तू रोज संध्याकाळी येऊन स्वतः औषधाचे थेंब घालत होतास. किती हळुवार हात! त्याच हाताने ऑफिसात झाडं तोडायच्या हुकमावर सही केलीस; फाटकावरच्या नोटिशीतलं ते गिचमिड अक्षर मी ओळखते. चोर निदान अंधाराची वाट बघतो. तू तर माझ्या डोळ्यावर पट्टीच बांधलीस.

बाकीची झाडं कोणामुळे वाचली ते ऐक. बँकवाल्यांमुळे. आवाज ऐकून ते बाहेर आले, आपली लाडकी गाडी बागेत घालून झाडं पाडणाऱ्या यंत्रापुढे आडवी लावली, आत बसले आणि काचा वर केल्या. ठेकेदाराने पोलिसांची धमकी दिली. तेव्हा काच बोटभर खाली करून म्हणाले म्हणे, “खुशाल बोलवा. मला या बायकांच्या हौदाचा वास अजिबात सहन होत नाही, पण तक्रार करायला बाग तरी उरली पाहिजे.” मग साऱ्या बायका गाडीभोवती उभ्या राहिल्या आणि यंत्र आल्या वाटेने परत गेलं.

ज्याला मी काडीची किंमत देत नव्हते तो आडवा आला. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं तो... पुढचं वाक्य तूच पुरं कर.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने आधी वाचलं. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. पेपर लपवताना तिला खरंच डोळ्याचंच कारण वाटत होतं.

सही माझीच. मी केली नसती तर दुसऱ्या कोणी केली असती. आणि तू तिथे असतीस तर यंत्रापुढे खुर्ची टाकून बसली असतीस. मग तुला उचलायला पोलिस पाठवण्याचा हुकूम मला द्यावा लागला असता. ते मला जमलं नसतं, आणि नाही म्हणायची छाती नव्हती. म्हणून तुला बाजूला काढलं. ऑपरेशनची गरज खरी होती. तारीख मात्र मी बघून घेतली.

बँकवाल्यांच्या गाडीचा फोटो छापून आला आणि वरचे साहेब घाबरले. तेव्हा मी ही जागा केंद्राला योग्य नसल्याचं लेखी मत दिलं. केंद्र आता बंद पडलेल्या भाजीबाजाराच्या इमारतीत जाईल. बागांमधली पानं बागेतच कुजवायची, असाही हुकूम निघाला आहे. पडलेल्या प्रत्येक झाडामागे दहा रोपं कुंड्यांतून पाठवतो. रविवारी बागेत तुमची सभा आहे असं कळलं. येऊ का?

धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

केंद्र हललं, बरं झालं. पण फोटो छापून आल्यावर सुचलेलं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं. तेच मत आधी लिहिलं असतंस तर पाच झाडं उभी असती. कुंड्या तुझ्या वरच्या साहेबांच्या दारात मांड, फोटो छान येतील. आम्हाला जमिनीत लावायची रोपं दे आणि त्यांना पाणी घालायला माणूस दे. पाटी नको.

मला वाचवल्याचा आव आणू नकोस. पोलिसांच्या गाडीत बसायला मी भ्यायले नसते. मला तिथे बसलेली बघायला तू भ्यालास. तेवढं एक खरं लिहिलंस, म्हणून हे उत्तर.

तुझ्या बायकोवर माझा राग नाही, तिला तसं सांग. बोलत नसली तरी ऐकेल.

रविवारी ये. सभा त्या बुंध्यांपाशी भरते, खुर्च्या नसतात. अध्यक्ष बँकवाले आहेत आणि पहिलं भाषण ते वासावरच करतात. सही कोणाची होती हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. तुझी ओळखही करून देणार नाही. तू कोण आणि काय केलंस, ते उभा राहून तूच सांग.

लोभाचं त्यानंतर बघू.

तुझी ताई