परत पाठवलेले दूध

१४ मार्च १९८३, लातूर

दूध परत पाठवले! औशाहून भर उन्हात बसने आणलेली चरवी मी शरणम्मेच्या — माझ्या बायकोच्या, नीलेच्या, धाकट्या बहिणीच्या — हाती जशीच्या तशी ठेवली. अशा दुष्काळात दूध नाकारणारा माणूस दवाखान्याने प्रथमच पाहिला असावा.

"दाजी, माझी बहीण हाडाचा सापळा झाली, अन् तुम्ही तिला वाटीभर पाण्यावर ठेवून राहिले! कंजूषपणाला काही हद्द?"

तिचे बोलणे जसेच्या तसे उतरवले आहे. मी शाळामास्तर असलो, तरी शुद्ध करून ते गोड झाले नसते.

नीला विषमज्वराने महिनाभर जवळजवळ उपाशी. आता शुद्ध नाही, नाकातून नळी. तरुण डॉक्टरांनी मला समजावले — उपाशी शरीरात एकदम अन्न लोटले, तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदयही थांबू शकते. वजन, ताप, रक्त पाहून रोज माप ठरवायचे, सावकाश वाढवायचे. मला पटले. एकदा पटले, की मी कोणाच्याही बापाला भीत नाही.

१६ मार्च

व्हरांड्यात नातलगांची सभा. थोरले मेहुणे चंद्रप्पा अध्यक्ष! "जिल्हा नवा, डॉक्टर बी नवा. माणूस खाऊन मरतंय व्हय कधी?"

"मरते," मी म्हणालो. सभा संपली.

१७ मार्च

शरणम्मेने चोरून नळीत पेलाभर दूध ओतले! नीलेला धाप लागली, नाडी धावू लागली. डॉक्टर खाटेपासून हलले नाहीत. संध्याकाळी श्वास ठिकाणावर आला. शरणम्मा कोपऱ्यात, पदराचा बोळा तोंडात. तिच्यासाठी सुचलेले शब्द लिहिण्याजोगे नव्हते.

१८ मार्च

नीला लिंगपूजेवाचून आयुष्यात कधी जेवली नाही. आज सर्वांदेखत तिच्या गळ्यातले इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवले, खाली माझ्या हाताचा आधार दिला, पूजा केली आणि बजावले — "यापुढे प्रत्येक मापाआधी पूजा. ती मीच करीन. पूजेवाचून थेंब गेला, तर पाप ओतणाऱ्याच्या माथी!"

डॉक्टरांचे न ऐकणारे हे ऐकतात. ऐकोत!

चंद्रप्पा पुटपुटले, "मास्तर लई बेरकी."

विशेषण अचूक आहे.

२१ मार्च

ताप उतरला. माप किंचित वाढवले. पाण्याचा टँकर आजही नाही.

२५ मार्च

माप पुन्हा वाढले. नीलेने बोटे हलवली.

शरणम्मा आता दारातच ठाण मांडून असते. उदगीरच्या पाहुण्यांचा शिरा तिने बाहेरच्या बाहेर परतवला — "माप हाय इथं, माप! समजतंय का न्हाई?" मी ऐकले नाही असे दाखवले.

३० मार्च

नळी काढली. नीलेने पातळ खिमटाचे दोन चमचे गिळले आणि ओठ मिटले.

"अजून एक, अक्का," शरणम्मा म्हणाली.

"माप पुरे व्हायचे आहे," मी म्हणालो.

नीलेने आमच्याकडे आळीपाळीने पाहिले. इतक्या दिवसांतले तिचे पहिले वाक्य — "माझं पोट मला कळतंय. तुम्ही दोघंबी भाईर व्हा."

आम्ही दोघे व्हरांड्यात आहोत.