वैजापूरचा निरोप

आई,

हे तुला लिहिते आहे, आणि लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणणाऱ्या तुझ्यासारख्या सगळ्या आयांनाही. पथ्य आपण सांभाळायचं, डिंकाचे लाडू आपण वळायचे, रात्री उशाशी आपण बसायचं, आणि लेकीचा जीव धोक्यात आला की हुकूम मात्र सासरचा. हे तुम्हाला कधी बोचलं नाही? मला इतकी वर्षं बोचतंय.

पोलीस ॲक्शनच्या गोष्टी तू किती रंगवून सांगायचीस. रझाकारांच्या भीतीनं कणगीमागं लपलेल्या बाया बाहेर आल्या आणि तू ओट्यावर उभी राहून म्हणालीस, "आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाय." तीच तू ताईच्या सासूला, वैजापूरच्या विहीणबाईंना भ्यालीस.

करमाडच्या आपल्या घरातली चुलीमागची खोली मला अजून दिसते. सकाळ आहे. ताईला मुलगी झाली आहे, पण वार पडत नाही आणि रक्त थांबत नाही. सुईण तुला सांगते, "हे माझ्या हातचं नाय राहिलं. शहरात न्या, दवाखान्यात." शेजारच्या खालांनी कुणी न सांगता टांगा जुंपून दाराशी आणलाय. "पूछते क्या बैठे जी? पैले लेके चलो!" आणि तू उंबऱ्यात आडवी. "तिथं पिशवी काढली म्हंजी? पहिली पोरगीच झालीय. विहीणबाईला काय तोंड दाखवू? लेक आता त्यांची हाय. त्यांचा निरोप येऊ दे." आतून ताई म्हणते, "आई, मला ने गं." तू म्हणतेस, "जरा कळ काढ."

दादाला तू एस्टीत बसवलंस. वैजापूरला जायचा रस्ता शहरातूनच जातो, आई! परवानगी आणायला निघालेला दादा दवाखान्याच्या गावावरूनच पुढं गेला. मी पुढं पुष्कळ वाचलं, जगभरच्या बायांच्या हालांची पुस्तकं वाचली, पण याहून मूर्ख प्रवास मला कुठं सापडला नाही. दिवस मावळताना तो परतला आणि दारातूनच ओरडला, "न्या म्हणाल्या! यात इचारायचं काय, असंबी म्हणाल्या." तोवर खालांनी घोडा सोडला होता. ताई गेली होती.

तू ऊर बडवून घेतलंस. लोक म्हणाले, नशीब. नशीब कसलं? दार उघडं होतं, टांगा उभा होता, आणि ताई शुद्धीवर होती. तिला कुणी विचारलंच नाही.

ती पोरगी मी वाढवली. आता तिला सातवा महिना लागलाय. काल शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी तिचं डोहाळजेवण होतं. बाया ओटी भरायला बसल्या तेव्हा मी नारळ हातातच धरून ठेवला आणि तिच्या सासूला म्हणाले, "विहीणबाई, आधी शब्द द्या. बाळंतपणात गरज पडली तर मी तुम्हाला विचारणार नाही, दवाखान्यात नेणार."

"अगं बया, हे डोहाळजेवण हाय का कोर्ट?" त्या म्हणाल्या, तशा सगळ्या बाया हसल्या. "स्टँपावर लिहून देऊ का?"

"नको. सगळ्यांदेखत बोला."

त्यांनी पोरीकडं पाहिलं. हसणं थांबलं. "न्या. मला इचारत बसू नका. माझ्या पोराची वाटबी बघू नका."

एवढंच होतं, आई. नारळ ओटीत पडायला लागतो तेवढाच वेळ. एवढ्यासाठी तू माझी ताई घालवलीस.

तू आता या जगात नाहीस, हे पत्र टाकायला पत्ता नाही. नाहीतरी मी ते टाकलं नसतं. बायांच्या सभांमधून मी गरजत असते, पण ही हकीकत सांगताना अजून "करमाडची एक बाई" असंच म्हणते. "माझी आई" म्हणायला जीभ रेटत नाही.

आयांनो, तुम्ही मात्र लेकीच्या ओटीत नारळ घालण्याआधी हा शब्द मागा. मोठ्यानं, सगळ्यांदेखत.