भावजींनी बाटली हलवली

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (फक्त तुला. तुझ्या यजमानांना नाही.) तुझी कंबर आता बरी असेल. माझं डोकं अजून ठणकतंय.

‘ह्यांना चारचौघांत काय वाट्टेल ते बोललीस’ असं तू लिहितेस. बोलले, आणि कमीच बोलले! प्रयोगशाळेतल्या माझ्या बाटलीत काय होतं ते आधी ऐक. यीस्टची पेशी वाढली की तिची लेक सुटून वेगळी होते. माझ्याकडच्या लेकी सुटत नाहीत, आईला चिकटून राहतात आणि डोळ्यांना दिसेल एवढा गोळा होतो. एकट्या पेशींपासून मोठे जीव कसे घडले असतील, ते यावरून कळतं. आता एवढ्या गोळ्यात आतल्या पेशी उपाशी मरायला हव्यात, पण मरत नाहीत. गोळ्यानं पाण्यातली साखर खाल्ली की भोवतीचं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि बाजूचं ताजं पाणी आत शिरतं. बसल्या जागी सगळं तोंडाशी. (तुझ्या घरी असं कोण जगतं, ते मी लिहीत नाही.) हा प्रवाह दिसायला पाणी अगदी स्थिर लागतं, म्हणून मी पंखासुद्धा लावत नव्हते. घामाघूम होऊन बसायचे! विभागप्रमुख बाई त्या दुपारी बघायला येणार होत्या आणि प्रवाह दिसला नाही तर काम बंद, असं त्यांनी बजावलं होतं.

तेवढ्यात तू दिलेली रजई घेऊन भावजी आले. मी चहा सांगायला बाहेर गेले, एवढंच. जन्म औषधाच्या दुकानात गेलेला, तळाशी साका दिसला की यांचे हात शिवशिवतात. परत येते तो बाटली उजेडात धरून म्हणतात, “खाली बसलं होतं सगळं. दिलं हलवून छान!” बाईंना नुसतं गढूळ पाणी दिसलं. “आठवडाभरानं शेवटचं बघेन,” म्हणाल्या. भावजींनी त्यांनाही नमस्कार करून रजईची किंमत सांगितली.

तुझी संतापलेली,
धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, त्याला आठवडा झाला. भावजींनी हलवल्यावर गोळे तुटले होते, त्यांतला एकेक तुकडा वाढून नवा गोळा झालाय आणि पाणी ओढतोय. गोळ्यांची पिल्लं अशीच होतात म्हणायची. बाई भिंगावरून डोळा काढेनात. आता त्यांना हे पहिल्यापासून, गोळे तुटण्यापासून, डोळ्यांदेखत हवंय.

आणखी एक. मी हलवलं तर काहीच तुटत नाही, यंत्रानं पार पीठ होतं. भावजींना शुक्रवारी पाठव. माफी मागायला बोलावलंय असंच सांग. आणि ती मागितल्याशिवाय मी बाटलीला हात लावू देणार नाही.