ऱ्हस्व सि, दीर्घ शी

कुपवाड, १२ जानेवारी

प्रिय यशराज,

तुझ्या नावापुढे ‘सिंग’ लिहायचं की ‘सिंह’, यात माझे दोन दिवस गेले. बोलताना सगळे सिंग म्हणतात, हिंदीत लिहिताना सिंह लिहितात, आणि तू स्वतः काय लिहितोस ते मला माहीत नाही. चुकीचं लिहिण्यापेक्षा नुसतं यशराज बरं, म्हणून तेवढंच लिहिलं. यात राग नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या अक्षरात राग शोधायची तुला सवय आहे, आणि ती सवय मीच लावलेली आहे.

इथलं ठीक आहे. दुकान चालतं, म्हणजे मी उघडतो. कारखान्यांच्या पाट्या आता लेझरवर होतात, बटण दाबलं की पितळेवर नाव उमटतं. अक्षराला वळण नसतं, पण वळण कुणाला हवंय? माझ्याकडे येतात ते देवळांचे जीर्णोद्धारवाले, आणि फौजेत गेलेल्यांची नावं दगडात कोरून घेणारी गावं. दिवाळीनंतर अशाच एका गावची बावीस नावं केली. पूर्वी चार दिवसांत झाली असती, या वेळी तेरा लागले. हल्ली स्टुलावर बसून कोरतो. माडीवर झोपायचंही सोडलंय, खाली दुकानातच खाट टाकलीय. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत आणि सातवीवर थांबावं लागतं. असो. उंब्रजला तुझी आज्जी बरी आहे. ऐकू कमी येतं, बोलणं मात्र तसूभर कमी झालेलं नाही.

त्या दगडाबद्दल आपण कधीच बोललो नाही. पाच वर्षं होतील आता. बलकारसिंग ट्रान्सपोर्टवाले त्यांच्या पाणपोईसाठी काळ्या ग्रॅनाइटची पाटी करून घ्यायला आले होते. कागदावर लिहून आणलं होतं, ‘सिख संगत, कुपवाड’. मी तिथंच लाल पेन्सिलीने ‘शीख’ केलं. मराठीत तो शब्द दीर्घ, शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असलं की आधीची वेलांटी दीर्घ होते, एवढं व्याकरण त्या माणसाला ऐकवलं. तो म्हणाला, आमच्याकडं असं लिहितात, तेवढं राहू द्या. मी म्हणालो, मराठी पाटीवर मराठीचा नियम चालेल. विचार कर, तो माणूस आपण कोण ते सांगत होता आणि मी त्याचं शुद्धलेखन तपासत होतो. मी आज्जीकडे दोन दिवस गेलो तेवढ्यात तू त्याच्या मनाप्रमाणे कोरलंस. सुंदर कोरलं होतंस. हे तेव्हाही दिसलं होतं मला. आणि दिसलं म्हणूनच हातोडी उचलली असेन, असं आता वाटतं. ‘सि’ची वेलांटी उडाली. तो बघत होता, तू बघत होतास, तुझी आई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तू तो टवका उडालेला दगड त्याच्या टेम्पोत चढवलास आणि स्वतःही चढलास. पुढे त्याच्याच ट्रकमधून नांदेडला गेलास, हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं.

तुला माहीतच आहे, मी सातवी नापास. अक्षरं शिकलो ती भिंतींवरच्या जाहिराती गिरवून, व्याकरण शिकलो ते सांगलीच्या जुन्या बाजारातून शब्दकोश आणून. मला गुरू नाही, हे मी आयुष्यभर छाती पुढे काढून सांगत आलो. आणि माझाच मुलगा कुणाचा तरी शिष्य झाला. तू अमृत घेऊन शीख झाल्याचं पत्र आलं, त्यात तू लिहिलं होतंस की इथे पहिल्या दिवशी कुणी माझी चूक दाखवली नाही, आधी जेवायला बसवलं. ते वाक्य मी तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही. तिने नंतर शोधून वाचलं.

उंब्रजला तर लय गंमत झाली. लालासाहेबाचं पोरगं सरदार झालं म्हणं, आता कुठली जहागिरी घावली, असं पारावर चाललं होतं. कुणी तुला पंजाबी म्हणायचं, कुणी नुसतंच सिंग. मी एकेकाला दुरुस्त करत बसलो. पंजाबी हा मुलखावरून पडलेला शब्द, सिंग आडनावाचे राजपूतही असतात, आणि सरदार हा मान आहे, धर्म नव्हे. खरा शब्द शीख. एवढं सगळं मला ठाऊक होतं, त्या शब्दाचा अर्थ तेवढा ठाऊक नव्हता. आज्जीला सांगितलं, यशराज शीख झाला. तिला काय ऐकू आलं कोण जाणे, म्हणाली, शिकतूय व्हय? मग शिकू दे की रं, तुज्यागत अर्ध्यात सुटण्यापरीस बरं. सगळे हसले. मी तिलाही दुरुस्त केलं. ओरडूनच केलं, म्हातारीला ऐकू येत नाही हे निमित्त.

मग तुझी आई गेली.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलास. तुझ्या आईचा, माझ्या दीपमालेचा, चेहरा तुला बघायला मिळाला नाही, आणि त्या नऊ दिवसांत मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तुझ्या निळ्या पगडीकडे बघत होतो फक्त. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर जोतिबा न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. माझं डोकं झालं, आकारामतात्याचं झालं, आणि मी तुला हाताने खूण केली. तू हात जोडून इतकंच म्हणालास, “आबा, हे केस माझे नाहीत.” त्यावर मी जे बोललो ते भावकीतल्या चाळीस माणसांनी ऐकलं. “मग पिंडही तुझा नाही.” तू पायऱ्या चढून वर गेलास, संगमाकडे तोंड करून उभा राहिलास, आणि सगळं उरकेपर्यंत तिथून हलला नाहीस. मी मागे वळून पाहिलं नाही असं सगळ्यांना वाटतं. तीनदा पाहिलं. जेवणाच्या पंगतीला तू नव्हतास.

त्यानंतर वर्षभर मी एकच काम नीट केलं, ते म्हणजे तो शब्द शोधणं. कोश काढले. काही जण तो ‘शिष्य’वरून आला म्हणतात, काही जण ‘शिक्षा’वरून. घर एकच, आपलं ‘शिकणं’ही त्याच घरचं. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण. मराठीत आपण तिचा दंड करून टाकला. हे वाचलं तेव्हा कोश मिटून ठेवला. तू आठ वर्षांचा असताना ‘आशीर्वाद’मधली वेलांटी चुकलास म्हणून तुला पाटीवर शंभर वेळा लिहायला लावलं होतं. मी तुला शिक्षण देतोय असं समजत होतो रे.

आणखी एक लक्षात आलं. शीख एकटा लिहिला की दीर्घ. शिखांचा, शिखांना असं काही पुढे जोडलं की लगेच ऱ्हस्व होतो. हा नियम मी हजार वेळा लोकांच्या तोंडावर फेकला असेल. दुसऱ्याला जोडून घ्यायचं तर थोडं आखूड व्हावं लागतं, हे त्यात लिहिलेलं मला कधी दिसलं नाही. आता तू म्हणशील, आबा व्याकरणातून कीर्तन काढायला लागले. वय झालं.

कोशावर भागलं नाही म्हणून मागच्या आठवड्यात बलकारसिंगांकडे गेलो. चालत गेलो, वाटेत दोनदा बसलो. पाणपोईवर तोच दगड आहे. टवका उडालेला, तसाच लावलाय. मला वाटलं होतं, त्यांनी दुसरा करून घेतला असेल. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तुझी खुशाली मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितली. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या चुलीपाशी असतोस, दुपारी मुलांना देवनागरी आणि गुरुमुखी दोन्ही गिरवायला शिकवतोस, पोरं तुझ्यावर खूश आहेत. मी त्यांना सरळ विचारलं, तुमच्या शब्दाचा अर्थ काय? तीस वर्षं इथे काढलेला माणूस, आपल्यापेक्षा अस्सल बोलतो. म्हणाला, “सिख लिवा न्हाईतर शीख लिवा, लालासाहेब. शिकणं संपलं तर मानूस कसला शीख?” म्हणजे म्हातारीला बरोबर ऐकू आलं होतं. सबंध उंब्रजमध्ये तो शब्द तिलाच कळला होता, आणि मी तिच्यावर ओरडलो होतो. बलकारसिंगांना हे सांगितलं तर ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग मीही हसलो. हसताना दम लागला, त्यांनी पाठीवर हात ठेवला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत कापला, म्हणून हे पत्र. माझ्या हृदयाची एक झडप निकामी झालीय. मिरजेला चार फेब्रुवारीला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात बहुतेक ठीक होईल. ‘बहुतेक’ हा शब्द मी नीट ऐकून घेतला आहे. फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून तुझं नाव लिहिलंय, सही तुझी लागेल. आणि ‘बहुतेक’च्या बाहेरचं काही झालं तर अग्नी तू द्यायचास, दहावाही तू करायचास. आकारामतात्याला मी समोर बसवून सांगितलं. तो म्हणाला, भावकी काय म्हणंल? मी म्हणालो, म्हणू दे, मीही बरंच काही म्हणून बसलोय. जोतिबाकडे स्वतः गेलो. तो म्हणाला, मामा, त्या दिशी मी वस्तरा आणणारच न्हाई, तुमी घोर लावून घेऊ नका. म्हणजे घाटावर कुणी तुझ्या डोक्याला हात लावणार नाही, आणि तुला कुणाची परवानगीही मागावी लागणार नाही. तीन तारखेला सकाळी पोचशील अशा गाडीने ये. थंडी आहे, स्वेटर आण. पगडी बांधूनच ये.

तुझाच,
आबा