मिठागरावरच्या तेओदोराचे खरे शेवटचे पान

मी, लिसांद्रो बर्मुदेस कोया, वय त्रेपन्न वर्षे सात महिने, धंदा सिगार कारखान्यातील वाचक, राहणार बेहुकाल, चर्चमागच्या गल्लीतील निळ्या दाराचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, घसा नाही. येत्या बुधवारी हवानाच्या इस्पितळात घशातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात, जीव बहुधा राहील, आवाज बहुधा जाईल. वकिलाने तयार मसुदा देऊ केला होता. त्याच्या पहिल्याच ओळीत दोन चुका निघाल्या, म्हणून तो परत केला.

कलम १. निळ्या दाराचे घर, मागची विहीर आणि पेरूची दोन झाडे यांसह, माझ्या पश्चात माझी पत्नी देल्फिना आरोचा हिचे. या वाक्यापुढे मी एक अट लिहिली होती. ती खोडली आहे आणि खोडल्या जागी माझी आद्याक्षरे घातली आहेत. का खोडली ते कलम ५ मध्ये कळेल.

कलम २. माझी दोनशे बारा पुस्तके कारखान्याच्या वाचन समितीस. पानांचे कोपरे दुमडू नयेत. हात कामात असलेल्या कामगारांना सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची, हा क्रम मोडू नये. कोणती कादंबरी घ्यायची ते सिगार वळणाऱ्यांनी मते देऊन ठरवावे, आजवर ठरवले तसेच. मी शाळेत नऊ वर्षांचा होईपर्यंत गेलो, पुढची अक्षरे तंबाखूच्या पेट्यांवरून शिकलो. म्हणून पदवीधर माणूस मिळाला तर त्याला घेण्याआधी एक पान मोठ्याने वाचायला लावावे. पदवी बाकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही.

कलम ३. मुकादम सेवेरिनो यास माझा पाणी प्यायचा काचेचा पेला. वाचकाऐवजी कारखान्यात रेडिओ बसवावा म्हणून हा मनुष्य चार वर्षे मालकांच्या कानाला लागला होता. "रेडिओला मधेमधे पाणी पाजावं लागत नाही," असे तो भर दुपारी सर्वांसमोर म्हणाला. पेल्याची कड एके ठिकाणी उडालेली आहे. तिथूनच प्यावे.

कलम ४. खिशातले घड्याळ, दोन चष्मे आणि ज्या मचाणावर बसून मी वाचतो त्यावरच्या खुर्चीची गादी माझा मित्र एवारिस्तो यास. तो पहिल्या बाकावर सिगार वळतो आणि या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडते, हे त्याने धरून चालावे.

कलम ५. हे कलम मी तीनदा लिहून फाडले. मध्ये उठून दौत भरायला गेलो, तर ती भरलेलीच होती.

सन १९३६ मध्ये देल्फिना तिसऱ्या रांगेत बसून तंबाखूच्या पानांच्या शिरा काढत असे. तिचे ज्याच्याशी ठरले होते तो गास्पार कामासाठी अमेरिकेत टॅम्पाला गेला होता. त्याने तिला आगबोटीचे तिकीट पाठवले, गुरुवार, १२ मार्चचे. तिची आई इलारिया अंथरुणाला खिळलेली होती आणि दुसरे कोणी नव्हते. त्याच महिन्यात दुपारी मी 'मिठागरावरची तेओदोरा' वाचत होतो. त्यातल्या तेओदोरालाही असेच एक गलबत बोलावत होते आणि मागे म्हातारा बाप होता. हा योगायोग नव्हे. मतासाठीच्या यादीत ते पुस्तक मीच घातले होते. अर्धे वाचलेले होते, शेवट मलाही ठाऊक नव्हता.

कारखान्यात देल्फिनाबद्दल कोणी बोलत नसे. सगळे तेओदोराबद्दल बोलत.

"जाऊ दे की तिला! म्हातारा काय, आज आहे उद्या नाही."

"तुझा म्हातारा असता म्हणजे बोलला असतास का रे असा?"

"मिठात सडायचं का पोरीनं?"

"मीठ सडत नाही, गाढवा. म्हणून तर मीठ म्हणतात."

देल्फिना मान वर न करता म्हणाली, "भांडू नका. तेओदोरा काय करते ते बघू. मग माझं मी बघेन."

सगळे हसले. मी हसलो नाही. मचाणावर बसल्यावर हात कोणाचे थांबले ते दिसते, आणि तिचे थांबले होते.

त्या पुस्तकाची शेवटची पाने अजून एकमेकांना जोडलेली होती, छापखान्यातून आली तशी. मंगळवारी संध्याकाळी जेवणाआधी मी ती एवारिस्तोकडून मागून आणलेल्या पात्याने कापली आणि वाचली. तेओदोरा जाते. बापाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते, शेजारणीच्या हातात किल्ली देते आणि गलबतावर चढते. मागे वळूनही बघत नाही.

मी जेवलो नाही. टेबलाशी बसून दीड पान लिहिले, त्या लेखकाच्याच वळणाचे, त्याच्यासारखीच लांब वाक्ये. त्यात तेओदोरा धक्क्यापर्यंत जाते आणि परत येते. बुधवारी दुपारी पुस्तकाच्या आड तो कागद धरून वाचला. संपल्यावर कारखानाभर सिगार कापायची पाती लाकडावर वाजली. आमच्याकडे वाचकाला टाळ्या मिळतात त्या अशाच. वाचक म्हणून काढलेल्या सव्वीस वर्षांत तेवढी पाती मला दुसऱ्यांदा मिळाली नाहीत, आणि ती माझ्या खोट्या दीड पानाला मिळाली.

गुरुवारी देल्फिना कामावर आली. जून महिन्यात तिची आई वारली. दोन वर्षांनी तिने माझ्याशी लग्न केले. मला ती हवी होती म्हणून मी ते लिहिले, की म्हातारीची दया आली म्हणून, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आलो आहे. दोन्ही उत्तरे मला वेगवेगळ्या दिवशी पटतात.

कादंबरीतली माणसे खिडकीत उभी राहून ठरवतात. खऱ्या माणसांना मी तसे करताना पाहिलेले नाही. ती पानाची शीर ओढता ओढता ठरवतात आणि कारण मागाहून शोधतात. तू का राहिलीस, असे मी देल्फिनाला सोळा वर्षांत तीनदा विचारले. पहिल्यांदा म्हणाली, "आईला कुशीवर कोणी वळवलं असतं?" दुसऱ्यांदा, "बुटाची टाच निघाली होती रे त्या दिवशी." तिसऱ्यांदा, "तुझं काय बिघडलं राहिले तर?" पुस्तकाचे नाव तिने एकदाही घेतले नाही. म्हणजे ते कारण नव्हते, किंवा तेच होते.

माझा बेत असा होता : पुस्तक आणि माझे दीड पान लखोट्यात घालून लाखेने बंद करून ठेवायचे आणि माझ्या मागे एवारिस्तोने ते तिच्या हाती द्यायचे. घराला अट घातली होती, तिने याच घरात राहावे आणि टॅम्पाला जाऊ नये. गास्पारची बायको गेल्या वर्षी वारली. नाताळला त्याचे कार्ड येते, मीच तिला वाचून दाखवतो. अट लिहून झाल्यावर मी ती सवयीने मोठ्याने वाचली आणि मला त्या दीड पानाचा आवाज ऐकू आला. मी पुन्हा तिचा शेवट लिहीत होतो. आणि लखोट्याचे म्हणाल, तर मेल्यावर खरे बोलणारी माणसे मी कादंबऱ्यांतून पुष्कळ वाचली आहेत. वाचताना मला त्यांचा नेहमी राग आला आहे.

तेव्हा अट रद्द. लखोटाही रद्द. उद्या सोमवारी दुपारी मी मचाणावरून पुस्तकाचे शेवटचे पान जसे छापले आहे तसे वाचीन, आणि अठरा वर्षांपूर्वी काय वाचले होते तेही सांगेन. देल्फिना अजून तिसऱ्या रांगेत बसते. त्यानंतर ती राहिली काय, गेली काय, मला दाराबाहेर काढले काय, कलम १ मध्ये एका अक्षराचाही बदल होणार नाही. मी जगलो तरी घर आजपासून तिचेच समजावे.

कलम ६. अंत्यविधीत कोणीही काहीही वाचू नये.

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही बघायची असते. तरी एवारिस्तोने वाचला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "मास्तर, उद्या पाती वाजणार नाहीत."

"न वाजोत."

"मारतील एखादं फेकून."

"नेम धरायला सांग. मचाण उंच आहे."

त्याने मान हलवली आणि सही केली. मग पिओ न्हाव्याने न वाचता केली, कारण त्याच्या दुकानात गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसले होते.

एवढ्यात देल्फिना दारात आली. "केव्हाचं काय लिहितोयस? घशाला आराम दे म्हटलंय ना डॉक्टरांनी? उद्या काय वाचणार आहेस?"

"एक जुनं शेवटचं पान."

"ऐकलेला शेवट कोण ऐकणार?"

"तू ऐक."

तिने माझ्याकडे पाहिले, मग टेबलावरच्या पुस्तकाकडे. हात पुसत म्हणाली, "बघू."

वरील सर्व मजकूर मी शुद्धीवर राहून, कोणीही भरीस न घालता लिहिला आहे.

स्थळ : बेहुकाल
रविवार, दिनांक १७ ऑक्टोबर १९५४

(सही) लिसांद्रो बर्मुदेस कोया

साक्षीदार :
१. (सही) एवारिस्तो पेद्रोसो, सिगार वळणारा
२. (सही) पिओ किंताना, न्हावी