मागची खोली

२ एप्रिल १९३७

मागची भिंत पाडली! मी धुणं घेऊन ओढ्यावर गेले होते. परत येते तो स्वयंपाकघरातून थेट शेजारच्या रखमाजीचा गोठा दिसतोय. त्याची म्हैस आणि मी — दोघी एकमेकींकडे बघत उभ्या.

स्वारी हातात पहार घेऊन म्हणाली, "मागं खोली काढायची." विटा? "येतील." लाकूड? "बघू." मग भिंत आजच का पाडली? "आज सुट्टी व्हती."

लोणावळ्याला रेल्वेची इंजिनं दुरुस्त करतात हे. देव त्या इंजिनांचं भलं करो.

३ एप्रिल

वारा थेट चुलीत. भाकरीत निम्मं पीठ, निम्मी गोठ्याची धूळ. सासूबाई म्हणाल्या, "चव येगळी लागती गं." लागणारच!

९ एप्रिल

विटा नाहीत. भिंतीच्या जागी पोती टांगलीत. आधी सामान आणावं, मग घर फोडावं, हे म्हशीलाही कळतं. ह्यांना सांगितलं तर पोत्यांना आणखी एक गाठ मारली.

खोली कशासाठी, विचारलं. "पाव्हण्यारावळ्यांना." आमच्याकडे कोण येतंय मरायला? सासूबाईच हल्ली सारख्या बेडशाला जातात. गाय बघायला म्हणे. इतक्या वेळा बघितलेली गाय अजून विकत कशी घेत नाहीत कोण जाणे.

मला वाटतं — इथं कोण वाचतंय, लिहून टाकते — खोली माझ्यासाठी आहे. लग्न झाल्यापासून मागतेय. तळेगावला वडील मास्तर होते, घरात पुस्तकांची फळी होती, तिच्याशेजारी खिडकी. मूल झालं नाही. निदान खिडकी तरी मिळावी! तोंडाने कबूल करणार नाहीत हे. पण करतायत.

१४ एप्रिल

गवंडी मिळाला. कोंडाजी. आल्या आल्या पान थुंकला, तीच जागा कोपरा म्हणून ठरली.

जोतं जमिनीला चिकटवून धरलं त्याने. म्हटलं, डोंगराचं सगळं पाणी मागून येतं, पावसाळ्यात खोलीत बेडकं होतील. हातभर उचला. तर म्हणे, "वैनी, मी मुंबईच्या शेटांचा बंगला बांधलाय."

"कुठला?"

"आता न्हाई दिसायचा. पडला."

जोतं उचललं.

२१ एप्रिल

खिडकी पश्चिमेला ठेवली होती! म्हणे वारा लागेल. लागेल ना, पावसासकट. रशिदाने — टांगेवाल्या युनूसची बायको, पलीकडचं घर — गेल्या वर्षी हीच चूक केली. अख्खा श्रावण खाटेवर छत्री उघडून काढला बिचारीने. तिला हाताला धरून आणली. ती कोंडाजीला म्हणाली, "भाऊ, खिडकी ठेवायची तर ठेवा, पण मग होडी पण द्या."

खिडकी पूर्वेला झाली. आता सकाळचं ऊन येईल. मी आत उभी राहून पाहिलं. चार उघड्या भिंती, वर आभाळ. तरी छान वाटलं.

५ मे

आज सगळे मेलो असतो.

नव्या खोलीचं दार रुंद हवं म्हणून स्वारीने जुन्या घराचा लाकडी खांब कापायला घेतला. "मधी येतोय." अहो, मधे येण्यासाठीच तर तो उभा केलाय! मी ओरडेपर्यंत करवत निम्मी आत. आढं कुरकुरलं, चार-पाच कौलं धाडधाड खाली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, सुपासकट उडी मारली. या वयात! ह्यांनी तुळईला डोकं आणि दोन्ही हात लावले. लालबुंद. "अगं, कायतरी कर!"

मी आणि रखमाजीने गोठ्यातला वासा आणून टेकू दिला. तोवर हे तसेच. क्षणभर वाटलं, राहू द्यावं इथेच, नाहीतरी खांब हवाच आहे.

मग ह्यांच्या डोक्याला हळद लावली. "लागलं का?" म्हटलं तर म्हणाले, "तू हायस म्हून घर उभं हाय." असं कधी बोलत नाहीत. रात्रभर तेच आठवत राहिलं.

१७ मे

फरशी झाली. मी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी ऐटीत स्वयंपाकघरात आलं! कोंडाजी म्हणाला, "आज आलं. उद्या आपसूक बाहेर जाईल." सगळी फरशी उचलायला लावली. ह्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

२२ मे

आज कोनाडे. कोंडाजीला म्हटलं, जरा खोल ठेवा, माझी पुस्तकं राहतील.

तो थापी धरून उभाच राहिला. "तुमची? मग नव्या वैनी कुटं ऱ्हानार?"

"कोण नव्या वैनी?"

त्याने जीभ चावली. मग चुना कालवायला लागला. कालवलेलाच पुन्हा कालवत बसला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

विचारलं. स्वारीने सगळं कौलांकडे बघत सांगितलं. बेडशाची आहे. रतन नाव. नवरा वारला, भावाकडे असते. मृगाच्या आत ह्यांच्याशी पाट लावायचा ठरलाय. "आईचा हट्ट. वंश नको का चालाया?" आणि वर, "तुला काय कमी करनार न्हाई. तुजी जुनी खोली हायेच की."

म्हणजे बेडशाला गाय नव्हती.

तिचं जोतं, तिची खिडकी, तिच्या फरशीचा उतार — सगळं मी भांडून सरळ केलं! तिने पुण्याहून इंजिनियर आणला असता तरी इतकं नीट झालं नसतं. हसायला आलं. हसता हसता मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

२३ मे

भाकऱ्या केल्या. बाकी काही नाही.

२५ मे

रशिदा म्हणते माहेरी जा. माहेरी आता भाऊ-भावजय. तिथे मी दोन दिवस ताई, तिसऱ्या दिवशी पाहुणी, मग मोलकरीण. नाही जात.

कौलं बसवतायत. खालची ओळ उलटी लावत होता कोंडाजी. मी खालूनच सांगितलं. तो शिडीवरून म्हणाला, "वैनी, तुमी कशापायी जीव जाळताय आता?"

म्हटलं, चुकीचं काम मला बघवत नाही. कोणासाठी का असेना.

त्याने पानाची पिंक टाकली. ओळ मात्र सरळ लावली.

१ जून

खोली पुरी. सुरेख झाली आहे, मेली.

६ जून

काल बेडशाला पाट लागला. आज दुपारी बैलगाडीतून आणली तिला. सासूबाई गाडीमागे कुणाशी बोलत राहिल्या, म्हणून दार मीच उघडलं. पंचविशीची असेल. माझं कुंकू, मंगळसूत्र बघून थबकली.

"तुमी कोन?"

"मी पहिली."

ती पांढरीफटक पडली. "भाऊ म्हनला, पयली वारली."

मी तिचा हात धरला. गार होता, आणि चांगलाच कष्टाचा. नव्या खोलीत नेलं, पाणी दिलं, दार आतून लावलं. आता ती खिडकीपाशी बसली आहे, मी हे लिहितेय. बाहेर स्वारी केव्हाची दार ठोठावतेय — "अगं, दार उघड! अगं, ऐकतीस का?"

आम्हा दोघींपैकी कोणाला म्हणतायत, त्यांनाही माहीत नसावं. रतनने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली.

तीही उठली नाही.